स्टेकला मराठीत काय म्हणतात?

सहलीच्या अखेरच्या संध्याकाळी कुठे जेवायचे, हा प्रश्न वाङ्मयीन नाही असे अनेकांना वाटेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु परदेशी गेलेल्या मराठी माणसाने काय खाल्ले आणि त्याविषयी मायभाषेत काय लिहिले, हा आपल्या प्रवासवर्णनाचा जुना विषय आहे. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली प्रसिद्ध झाले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चे, पु. लं.ची ‘अपूर्वाई’ १९६० ची. परक्या ताटाची धास्ती, त्याचे कुतूहल आणि त्यावरचा विनोद हा या वाङ्मयप्रकाराचा परिचित ऐवज आहे. आज त्या धास्तीची जागा यादीने घेतली आहे. न्यूयॉर्कला गेलात तर ही पाच ठिकाणे चुकवू नका, शिकागोला गेलात तर ही तीन. या याद्यांत स्टेकहाउस हमखास असते, आणि स्टेक कशाचा असतो हे मात्र नसते.

आमचा वाद या गाळलेल्या शब्दाशी आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. मराठी सुशिक्षित मध्यमवर्ग, आणि त्यातही आपण साहित्याचे अध्यापक, परदेशात उंची स्टेकहाउस निवडताना आणि परतल्यावर त्याचे वर्णन करताना जी भाषा वापरतो ती लपवाछपवीची भाषा आहे. ही लपवाछपवी निरुपद्रवी नाही. तिची किंमत आपण चुकती करत नाही. ती आपल्याच वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडून वसूल होते. हा आरोप आम्ही स्वतःला वगळून करत नाही, हे पुढे दिसेलच.

१.

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तिघे न्यूयॉर्कला होतो. मुक्काम न्यू जर्सीत, आमच्यापैकी एकाच्या थोरल्या भावाकडे. तिघांनी एकाच विद्यापीठातून मराठीत एम. ए. केले त्याला वीसेक वर्षे होऊन गेली, म्हणून शेवटच्या संध्याकाळी ‘चांगल्या ठिकाणी’ जेवायचे ठरले. चांगले ठिकाण म्हणजे स्टेकहाउस, हे कुणी ठरवले ते आता आठवत नाही; बहुधा कुणीच ठरवले नसावे, ते आपोआप ठरते. भाऊ म्हणाला, “जा की. फक्त आईला फोनवर सांगू नकोस.”

मग निवड सुरू झाली. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमधल्या नामांकित स्टेकहाउसांची यादी ही एखाद्या साहित्येतिहासाच्या पुस्तकासारखी असते. तीत सनावळीला फार महत्त्व असते. ओल्ड होमस्टेड १८६८ चे, कीन्स १८८५ चे, पीटर लुगर १८८७ चे, गॅलाघर्स १९२७ चे. जुनेपणा हीच गुणवत्ता, असा या यादीचा अलिखित निकष आहे. आणि जिथे जुनेपणा नाही तिथे तो रचावा लागतो. स्मिथ अँड वोलेन्स्की हे १९७७ साली निघालेले स्टेकहाउस. त्याचे संस्थापक अॅलन स्टिलमन यांनीच सांगितले आहे, की ही दोन नावे त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून उचलली. स्मिथही नव्हता आणि वोलेन्स्कीही नव्हता. पण दोन आडनावे शेजारी शेजारी आली की पिढीजात पेढीचा भास होतो. टोपणनावे आणि संहितेचे कर्तृत्व यांवर पेपर वाचणाऱ्या आम्हां लोकांनी या नावापाशी थांबायला हवे होते. आम्ही थांबलो नाही. आम्ही ताऱ्यांची संख्या मोजत राहिलो.

काळसर लाकडी भिंती, चामड्याच्या बैठका, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि आपल्यापेक्षा वयाने मोठे, गंभीर चेहऱ्याचे वाढपी या साऱ्याला एक वंशावळ आहे. एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कमध्ये ‘बीफस्टेक’ नावाच्या मेजवान्या होत. राजकीय मंडळे आणि क्लब यांचे पुरुष एकत्र जमत, अंगावर एप्रन बांधत आणि काटेचमचे दूर ठेवून हाताने मांस खात. जोसेफ मिचेल यांनी १९३९ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये या मेजवान्यांवर एक नामांकित लेख लिहिला. स्त्रियांना मताधिकार मिळाल्यानंतर, म्हणजे १९२० नंतर, त्या या मेजवान्यांना येऊ लागल्या आणि मेजवान्यांचे रूप पालटले, हे त्यांचे निरीक्षण आहे. त्याही आधी, १९०५ साली, लिली लँग्ट्री या अभिनेत्रीने केवळ पुरुषांसाठी असलेल्या कीन्समध्ये प्रवेश नाकारला म्हणून दावा लावला आणि तो जिंकला. म्हणजे ज्या दालनात आपण ‘वातावरण छान होते’ असे लिहून मोकळे होतो, ते वातावरण कुणाला बाहेर ठेवून तयार झाले याचा कागदोपत्री पुरावा उपलब्ध आहे. ताटाभोवतीच्या बहिष्काराचा इतिहास मराठी वाचकाला नवा नाही. तरीही परदेशी ताटाभोवती तो आपल्याला दिसत नाही.

२.

मेन्यू ही संहिता आहे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागू नये. रोलाँ बार्थ यांच्या १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये स्टेक आणि तळलेल्या बटाट्यांवर एक छोटा निबंध आहे, आणि तो आपण चिन्हमीमांसा शिकवताना अधूनमधून उल्लेखतो. स्टेक किती शिजवला हे फ्रेंच माणूस उष्णतेच्या भाषेत सांगत नाही, रक्ताच्या भाषेत सांगतो, हे बार्थ यांना दिसले. गंमत अशी, की ताटात उतरणारा तो लाल द्रव रक्त नसतोच. ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून गेलेले असते. पुरुषार्थाची सगळी मिथके ज्या लालीवर उभी आहेत ती लाली स्नायूतल्या एका प्रथिनाची आहे. मिथकाला वस्तुस्थितीची गरज नसते, हे विधान इतक्या स्वस्तात क्वचितच सिद्ध होते.

अमेरिकेत डॅन जुराफ्स्की या भाषावैज्ञानिकाने हजारो मेन्यूंची छाननी केली. त्यांच्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ या २०१४ च्या पुस्तकातला एक निष्कर्ष असा, की पदार्थाच्या वर्णनातील शब्दांची सरासरी लांबी एका अक्षराने वाढली की त्या पदार्थाची किंमत अठरा सेंटनी वाढलेली आढळते. स्वस्त ठिकाणे ‘ताजे’, ‘चविष्ट’, ‘अस्सल’ अशी विशेषणे उधळतात. महाग ठिकाणे ती टाळतात आणि त्याऐवजी पदार्थाचे मूळ गाव सांगतात. नवकवितेने विशेषणे टाकली आणि प्रतिमा ठेवल्या, त्यातलाच हा प्रकार.

पण ही मूळ गावे तरी कितपत खरी? ‘कोबे’ हा शब्द घ्या. जपानमधील ह्योगो प्रांतात, ताजिमा वंशाच्या आणि ठरावीक कसोट्यांना उतरलेल्या गुरांच्या मांसालाच हे नाव लावता येते. हे मांस अमेरिकेत अधिकृतपणे निर्यात होऊ लागले ते २०१२ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षे अमेरिकन मेन्यूंवर ‘कोबे’ विराजमान होते आणि लोक त्याची किंमत मोजत होते. ‘अँगस’ हा दुसरा शब्द. अँगस ही मूळची स्कॉटलंडची जात. ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ ही मुद्रा १९७८ साली सुरू झाली. मांसाला ही मुद्रा मिळण्यासाठी चरबीच्या जाळीपासून आकारापर्यंत अनेक कसोट्या आहेत, परंतु जिवंत जनावराची पहिली कसोटी त्याची कातडी प्रामुख्याने काळी असणे ही आहे. वंश कातडीवरून ठरवण्याची ही पद्धत ज्यांना विचित्र वाटते, त्यांनी क्षणभर आपल्या समाजाकडेही पाहावे.

त्यामानाने सरकारी प्रतवारी सरळ आहे. अमेरिकेचे कृषी खाते मांसाला ‘प्राइम’, ‘चॉइस’, ‘सिलेक्ट’ अशा श्रेणी देते, आणि त्या मुख्यतः जनावराचे वय व स्नायूतील चरबीची जाळी पाहून ठरतात. ही चरबी कुरणातल्या गवतावर फारशी येत नाही. जनावराला अखेरचे काही महिने गोठ्यांच्या वसाहतीत मक्याच्या खुराकावर ठेवावे लागते. ‘प्राइम’ या एका शब्दात मक्याचे अर्थकारण दडलेले आहे, आणि त्याच्या मागे एक शहर. शिकागोचे युनियन स्टॉक यार्ड्स १८६५ पासून १९७१ पर्यंत चालले. गुस्ताव्हस स्विफ्ट यांनी बर्फाने थंड ठेवलेल्या आगगाडीच्या डब्यांतून कापलेले मांस पूर्वेकडे धाडायला सुरुवात केल्यावर न्यूयॉर्कच्या ताटातील मांस आणि प्रेअरीवरचे जनावर यांची ताटातूट झाली. विल्यम क्रोनन यांच्या ‘नेचर्स मेट्रोपोलिस’ या १९९१ च्या ग्रंथात ही कथा विस्ताराने आली आहे. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ १९०६ साली निघाली. तिने कत्तलखान्यातील मजुरांचे हाल दाखवले. वाचक मात्र आपल्या पोटात काय जाते या काळजीने हादरले, आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. मजुरांचे हाल बाजूलाच राहिले. २०२० च्या साथीत मांसप्रक्रिया कारखाने चालू ठेवण्यासाठी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला. पुढे तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने नोंदवले, की पाच मोठ्या कंपन्यांचे किमान २६९ कामगार पहिल्या वर्षभरात कोव्हिडने दगावले. वाचक पोटापाशी थांबतो आणि हातापर्यंत जात नाही, ही ‘द जंगल’ची शोकांतिका शंभर वर्षांनीही संपलेली नाही.

हे सारे माहीत असूनही आम्ही निवड केली ती ‘वातावरण’, ‘रेटिंग’ आणि ‘मेट्रोपासून अंतर’ या तीन निकषांवर. ज्या ठिकाणी गेलो त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तक्रार त्या ठिकाणाविषयी नाही, आमच्याविषयी आहे.

३.

आता भाषेच्या पडद्यांकडे येऊ. इंग्रजीत गोठ्यातल्या जनावराचे नाव सॅक्सन आणि ताटातल्या मांसाचे नाव फ्रेंच, हे स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’मधील विदूषकाने १८१९ मध्येच वाचकांच्या कानी घातले. राबणाऱ्याच्या भाषेत ‘काऊ’ आणि खाणाऱ्याच्या भाषेत ‘बीफ’. हा पहिला पडदा. ‘बीफ’चा ‘स्टेक’ झाला, ‘स्टेक’चे ‘फिले मिन्यॉन’, ‘रिबआय’, ‘पोर्टरहाउस’ झाले, की दुसरा पडदा पडतो. जनावर जाते आणि फक्त काप उरतो. कॅरल अॅडम्स यांनी ‘द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट’ या १९९० च्या पुस्तकात याला ‘अनुपस्थित संदर्भ’ म्हटले. मांसाच्या नावातून मेलेले जनावर नाहीसे होते, म्हणूनच ते खाता येते, असा त्यांचा मुद्दा.

मराठीचा स्वभाव मुळात असा नाही. आपली कोंबडी जिवंतपणीही कोंबडी आणि रश्शातही कोंबडी. मासे पाण्यातही मासेच. बोकडाबाबत आपण ‘मटण’ हा परका शब्द घेतला हे खरे, पण ‘बोकडाचं मटण’ म्हणायला कुणी लाजत नाही. लपवाछपवी सुरू होते ती एकाच जनावरापाशी. तिथे मराठी एकदम मुकी होते, आणि मुकी भाषा इंग्रजीचा आधार घेते. ‘आम्ही स्टेक खाल्ला’ असे आपण म्हणतो. ‘आम्ही गोमांस खाल्ले’ असे म्हणत नाही. ‘बैलाचे मांस’ असेही म्हणत नाही. ‘मोठ्याचं’ हा शब्द तर आपल्या तोंडी येतच नाही, कारण तो शब्द वस्तीतला आहे. हा तिसरा पडदा खास आपला, आणि त्याचे कापड जातीचे आहे.

आमच्या टेबलावर तो पडदा कसा पडला ते सांगतो. कुटुंबाच्या गटावर पाठवायला आम्ही छायाचित्र काढले. त्यात मलईतला पालक होता, भाजलेला बटाटा होता, पाण्याचे पेले होते, मेणबत्ती होती. मधले ताट चौकटीबाहेर होते. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते. कॅमेरा धरणाऱ्या हाताला ते आपोआप कळले. परतल्यावर आमच्यापैकी दोघांनी मिळून महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी प्रवासलेख लिहिला. त्यात त्या संध्याकाळीविषयी एक वाक्य आहे, आणि त्यात ‘उत्तम कॉन्टिनेंटल भोजन’ असे शब्द आहेत. लेखाचे मुद्रित तिसऱ्याकडे वाचायला गेले. त्याने शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवल्या आणि त्या वाक्याच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : “स्टेकला मराठीत काय म्हणतात?”

४.

हा तिसरा मित्र मराठवाड्यातल्या एका गावच्या वस्तीत वाढला. आम्हां उरलेल्या दोघांच्या घरी हे मांस कधी शिजले नाही. त्याच्या घरी शिजत असे, दार लोटून. त्या संध्याकाळी जेवणाआधी आम्ही बावन्नाव्या रस्त्यावरून चालत होतो. तिथे गॅलाघर्सच्या दर्शनी काचेमागे मांसाचे मोठमोठे तुकडे जुनवण्यासाठी ओळीने मांडलेले दिसतात. जाणारे-येणारे थांबून पाहतात, फोटो काढतात. गोठणबिंदूच्या जरा वर राखलेल्या थंड, कोरड्या हवेत मांस काही आठवडे ठेवले की त्यातले पाणी कमी होते, त्यातलीच विकरे स्नायूंचे धागे सैल करतात, चव घट्ट होते. वरचा वाळलेला, काळपट पापुद्रा कापून टाकतात. एवढे वजन घटते म्हणूनच ते महाग. आम्ही दोघे हे सगळे मोठ्या माहीतगारीने एकमेकांना सांगत होतो. तो काचेपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “आमच्याकडे दोरीवर असायचं. चान्या. पाहुणे यायचे म्हटलं की आई आधी दोरी उतरवायची.”

काच आणि दोरी. दोन्हीकडे मांस टिकवण्याची आणि मुरवण्याची विद्या. एक मॅनहॅटनच्या रस्त्यावर दिव्याखाली मांडलेली, दुसरी पाहुणा येण्याआधी लपवलेली. या दोहोंत फरक नाही असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. काचेमागचे मांस ऐपतीतून आलेले आहे, दोरीवरचे टंचाईतून. मृत जनावर ओढण्याची सक्ती आणि त्याच्या मांसावर भागवण्याची लाचारी यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मृतमांस सोडण्याचे आवाहन १९२७ साली महाडच्या परिषदेत झाले ते त्या लाचारीतून बाहेर पडण्यासाठी. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची मीमांसा केली. तेव्हा दोरीचे उदात्तीकरण नको. पण काचेला कला म्हणायचे आणि दोरीला लाज म्हणायचे, या निवाड्यात टंचाईचा विचार कुठेच नसतो. तिथे फक्त खाणारा कोण, हे पाहिलेले असते.

आपण हे शिकवत नाही असेही नाही. ‘बलुतं’ १९७८ चे, ‘उपरा’ १९८० चे, ‘अक्करमाशी’ १९८४ चे. ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमांत रुळली आहेत. पण त्यांतील अन्नाची पाने आपण ‘दाहक वास्तव’, ‘वेदनेचा आविष्कार’ या दोन शिक्क्यांखाली शिकवतो. ते अन्न रांधण्याचीही एक रीत होती, त्यालाही चव होती, त्याचा शब्दसंग्रह होता, हे आपल्या व्याख्यानात येत नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. शीर्षकातच त्यांनी एका सर्वपरिचित वचनाला नकार दिला आणि मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाची नावनिशीवार नोंद केली. २०२४ मध्ये ते ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ म्हणून इंग्रजीत गेले. मराठीच्या किती विभागांनी ते पुस्तक ‘पाककृती’ म्हणून बाजूला ठेवले आणि किती विभागांनी ‘भाषा’ म्हणून वाचले, हे प्रत्येकाने आपापल्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत पाहावे. चानी, रक्ती, वजडी हे शब्द ज्याला परके वाटतात आणि ‘रिबआय’ ज्याला आपलासा वाटतो, त्या मराठीच्या प्राध्यापकाने आपण कोणत्या मराठीचे प्राध्यापक आहोत हे एकदा ठरवावे.

५.

यावर आक्षेप येतील; काही आमच्याच मित्रांनी घेऊनही झाले.

पहिला आक्षेप : सुट्टीतले एक जेवण, त्यावर एवढी चर्चा कशाला? माणसाने सुखाने दोन घास खाऊ नयेत काय? अवश्य खावेत. आम्हीही खाल्ले, आणि ते उत्तम होते हे नाकारणार नाही. आमचा आक्षेप घासावर नाही, वाक्यावर आहे. खाणे खाजगी आहे, पण प्रवासलेख छापील असतो. जो अध्यापक विद्यार्थ्याच्या निबंधातले सैल विशेषण लाल शाईने खोडतो, त्याने स्वतः ‘कॉन्टिनेंटल’ या शब्दामागे आख्खे जनावर उभे करू नये.

दुसरा आक्षेप : हा शाकाहाराचा आडून केलेला प्रचार आहे. तसे नाही. प्राण्यांच्या दुःखाचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यासाठी मांस सोडणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण आपल्याकडे शाकाहाराची भाषा बहुधा त्या दुःखातून येत नाही, शुद्धाशुद्धतेतून येते. ज्या वर्षी आम्ही न्यूयॉर्कला जेवलो त्याच वर्षी, २०२३ मध्ये, मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखण्यावरून वाद पेटला आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली. न्यूयॉर्कहून परतलेले आम्ही दोघे तिथे होतो. आम्ही गप्प होतो. बोललो असतो तर ‘तुम्हांला काय माहीत?’ असे कुणी विचारले असते, आणि आम्हांला माहीत होते हेच सांगायची आमची छाती नव्हती.

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी : महाराष्ट्रात कायदा आहे, वातावरण आहे, उगाच संकट कशाला ओढवून घ्यायचे? कायदा आहे हे खरे. गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली. बैल आणि वळू यांनाही ती लागू करणारी १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने २०१५ मध्ये अमलात आली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. पण अमेरिकेत जाऊन जेवलो असे लिहिणे कोणत्याही कलमाखाली येत नाही. आपल्याला भीती कायद्याची नसून नातेवाइकांची असते. आणि वातावरणाविषयी म्हणाल, तर ज्याच्याकडे व्हिसा आणि क्रेडिट कार्ड आहे त्याने गप्प राहायचे, आणि ज्याच्या डब्याकडे वसतिगृहात वळून पाहिले जाते त्याने मात्र एकट्याने उत्तर द्यायचे, ही वाटणी आपण मान्य करतो आहोत. मांजर डोळे मिटून दूध पिते तेव्हा निदान ते दुसऱ्या मांजराला दुधावरून हाकलत नाही.

६.

मग स्टेकहाउस निवडायचे तरी कसे? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण तो मूर्ख प्रश्न नाही. एका माणसाचे जेवण शंभर डॉलरच्या पुढे सहज जाते. मराठी प्राध्यापकाच्या पगारात हा निर्णय काळजीने घ्यावा लागतो.

तारे कमी मोजावेत, शब्द जास्त वाचावेत. मांसाची श्रेणी सांगितली आहे का, की नुसता ‘प्रीमियम’सारखा पोकळ शब्द आहे, हे पाहावे. ‘कोबे’ लिहिले असेल तर प्रमाणपत्र विचारावे. खरे असेल तर ते आनंदाने दाखवतात. मांस किती दिवस जुनवलेले, तुकड्याचे वजन किती, किंमत एकाची की दोघांची, हे आधी विचारण्यात कमीपणा नाही. पोर्टरहाउस दोघांत घ्यावा. टी आकाराच्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन, असे दोन पोत एकाच तुकड्यात कळतात. पूर्ण शिजलेले हवे असेल तर तसे निःसंकोच सांगावे, मात्र अँथनी बुर्डेन यांनी ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ या २००० सालच्या पुस्तकात दिलेली खबर ध्यानात ठेवावी : स्वयंपाकघरात उरलेला निकृष्ट तुकडा ‘वेल डन’ मागणाऱ्यासाठी राखला जातो. टीप पूर्ण द्यावी. टीपवर जगणाऱ्या वाढप्याचे अमेरिकेतील संघीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर थांबलेले आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी ते वाढवले, अनेकांनी नाही. नावाला भुलू नये. पीटर लुगरला २०१९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक पीट वेल्स यांनी एकही तारा दिला नाही, आणि २०२२ मध्ये त्याचा मिशलिन ताराही गेला, तरी १८८७ हा आकडा लोकांना खेचतोच. समीक्षा आणि कीर्ती यांचे नाते आपल्याकडेही याहून वेगळे नाही.

आणि परत आल्यावर लिहावे. काय खाल्ले ते मराठीत लिहावे. बैलाचे मांस असेल तर बैलाचे मांस, गोमांस असेल तर गोमांस. कोणत्या शब्दापाशी हात अडखळला तेही लिहावे. आपल्या घरी या पदार्थाला शब्द नसेल तर ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारावा, आणि तो अवतरणचिन्हांत न घालता वापरावा.

आमच्या वार्षिकांकातले ते वाक्य आम्ही बदलले. ‘उत्तम कॉन्टिनेंटल भोजन’ काढून तिथे ‘मोठ्याचं मटण, चार आठवडे जुनवलेलं’ असे घातले. संपादक मंडळाने ते परत पाठवले. आक्षेप शब्दावर होता. ‘स्टेक’ म्हणा, म्हणजे प्रश्न येणार नाही, असा त्यांचा सद्भावपूर्ण सल्ला होता. आम्ही लेख मागे घेतला. तो छापला गेला नाही याचे दुःख नाही, कारण लेख सामान्यच होता. पण यंदा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लावण्याचा प्रस्ताव आम्ही तिघांच्या सहीने विभागात ठेवला आहे. त्या बैठकीत कुणीतरी ‘हे सगळं वर्गात कसं वाचायचं?’ असे विचारील, याची आम्हांला खात्री आहे. त्या वेळी आम्ही दोघे न्यूयॉर्कच्या त्या संध्याकाळीपासून सुरुवात करणार आहोत, आणि मधल्या ताटासकट.